हत्ती आलेत

संचालक आले तेव्हा रिसेप्शनिस्ट टेबलाखाली शिरून एका सशाची समजूत घालत होती. ससा पिंजऱ्यातून निसटून थेट कॉम्प्युटरच्या वायरींपाशी पोचला होता आणि त्याचे दात शिवशिवत होते. "राजा, सोन्या, शहाणा ना तू," असं म्हणत तिनं त्याला कसंबसं ओढून काढलं आणि डोकं वर केलं, तर समोर टेबलावर दोन्ही हात टेकवून संचालक उभे.

"शहाणा कोण?" त्यांनी विचारलं.

"ससा, सर." पुरावा म्हणून तिनं ससा वर धरून दाखवला.

"बरं. माझी केबिन उघड."

ससा तिच्या हातून पुन्हा सुटता सुटता राहिला. कारण केबिनमध्ये, संचालकांच्या खास मऊ कोचावर, कालच ऑपरेशन झालेला एक भलाथोरला कुत्रा पसरला होता. पिंजऱ्यात ठेवला की तो सगळा दवाखाना डोक्यावर घ्यायचा आणि कोचावर ठेवला की घोरायचा. डॉक्टरीणबाईंनी अर्थातच घोरणं पसंत केलं होतं.

"सर, केबिनमध्ये मुंग्यांचं औषध मारलंय," ती म्हणाली. "डोकं धरेल तुमचं. जरा वेळ मागच्या खोलीत बसता का? चहा पाठवते."

संचालकांनी मान वर करून हवा हुंगली. "मला तर कुत्र्याचा वास येतोय."

"जनावरांचा दवाखाना आहे ना, सर."

ते मागच्या खोलीकडे वळले आणि पावलाचा जराही आवाज न करता दिसेनासे झाले. रिसेप्शनिस्टनं खोलीचं दार बाहेरून हलकेच ओढून घेतलं, ससा त्याच्या मालकिणीच्या मांडीवर आदळला आणि धावत जाऊन आतल्या फोनवर झडप घातली.

त्या दवाखान्यात चौघांची एक चौकडी होती, आणि चौकडीत कोणालाच आईबापांनी ठेवलेल्या नावानं हाक मारत नसत. रिसेप्शनिस्टला सगळे भोंगा म्हणत. ती कुजबुजली तरी समोरच्या फुटपाथवरची माणसं वळून बघत. डॉक्टरीणबाई म्हणजे टाका. कुत्र्याची जखम असो, फाटलेला पडदा असो, नाहीतर कोणाची उसवलेली पिशवी असो, बाई सुई घेऊन तयार. औषधं देणारा कंपाउंडर चमचा झाला होता. 'चमचा' म्हटलं की बाहेरचे लोक भलताच अर्थ घेत, पण तो बिचारा कोणाच्या पुढे पुढे करणारा नव्हता. सकाळ-संध्याकाळ किती चमचे, हे सांगण्यातच त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, एवढंच. आणि जनावरांना आंघोळ घालणारा धिप्पाड गडी म्हणजे फेस. तो तुमच्याशी हवामानावर बोलत असला तरी त्याच्या कोपरावर साबण असायचाच.

ही नावं कोणी बसून ठेवली नव्हती. ती पडत गेली. एकदा एक कासव तपासायला आलं होतं. हलेना, डुलेना. टाका आत हात धूत होती तेवढ्यात चमच्यानं मालकांना बाजूला घेतलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गळा दाटून आणून त्यांचं सांत्वन केलं. मालक हुंदके देत असतानाच कासव टेबलाच्या कडेपर्यंत चालत गेलं आणि मान लांबवून खालच्या टोपलीतल्या कोबीकडे बघू लागलं. त्या दिवसापासून कोणाची फजिती झाली की चौकडीत 'कासव झालं' म्हणत. बाहेरच्या जगात अशा वेळी 'पोपट झाला' म्हणतात, पण या दवाखान्यात ती सोय नव्हती. फेस एकदा हसत हसत "आज माझा पोपट झाला" म्हणाला होता, तर बाकावर बसलेल्या एका आजोबांनी आपुलकीनं विचारलं होतं, "अरे वा! खायला काय देतोस त्याला?"

संचालकांचंही असंच झालं. माणूस अंगानं आडवा, उंचीनं दाराच्या चौकटीला डोकं लागेल असा, पण चालला तर हवेलाही पत्ता लागायचा नाही. "हत्ती असाच चालतो," टाका एकदा म्हणाली होती. "एवढा मोठा देह, पण पाऊल कापसाचं. मागे येऊन उभा राहिला तरी कळत नाही." झालं! संचालकांचा हत्ती झाला. हत्ती झाल्यावर सोंड आलीच. सोंड वर म्हणजे स्वारी खुशीत. सोंड खाली म्हणजे आज जपून. त्यांना क्रीमची बिस्किटं फार आवडत, त्या बिस्किटांची केळी झाली. बघता बघता अशी अख्खी भाषाच उभी राहिली आणि चौघं ती संचालकांच्या नाकासमोर बेधडक बोलू लागले.

फक्त भोंग्याची एक अडचण होती. बाकीचे तिघं खुशाल 'हत्ती आला', 'हत्ती गेला' म्हणत. तिला ते जमायचं नाही. ज्याच्या हातून पगार मिळतो त्या माणसाला आला-गेला कसं म्हणायचं? तिची जीभच वळायची नाही. ती 'हत्ती आलेत' म्हणायची, 'हत्ती रागावलेत' म्हणायची. टोपणनाव ठेवलं म्हणून मान ठेवायचा नाही, असं थोडंच आहे?

आणि आज तर मामला नाजूक होता. मागच्या खेपेला संचालक आले तेव्हा चौघं औषधांच्या कपाटाआड पोट धरधरून हसत होते. जाताना ते एवढंच म्हणाले होते, "इथं काम कमी आणि हसणं जास्त. पुढच्या वेळी बघतो. दोघांना दुसऱ्या दवाखान्यात हलवलं की आपोआप शांतता होईल." तेव्हापासून चौघांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आणि आज ही पुढची वेळ येऊन मागच्या खोलीत बसली होती.

"टाका!" भोंगा फोनमध्ये कुजबुजली. बाकावर झोपलेलं एक मांजर दचकून उठलं. "हत्ती आलेत! ... अगं, आत्ताच. न सांगता! ... मागच्या खोलीत बसवलंय. दार ओढून घेतलंय, पण किती वेळ राहतील? ... छे, सोंड खाली. चांगलीच खाली. ... हो, केळी पाठवतेय, केळ्यांवर थोडा वेळ निघेल. तू आधी तो कुत्रा उचल. हत्ती उठून तिकडे गेले ना, तर आपलं चौघांचं संपलंच म्हणून समज!"

तिनं फोन ठेवला. बाकावरची सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. पण माणसं तिच्याकडे नेहमीच बघत, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाकाच्या टोकाला, मांडीवर मांजराची टोपली घेऊन, एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. समोरच्याच शाळेत त्यांनी उभी हयात व्याकरण शिकवलं होतं. गल्लीतला झाडूवाला असो की बँकेचा मॅनेजर, सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत आणि त्यांच्यासमोर बोलताना वाक्य पूर्ण करत. चौकडीनं त्यांना अजून नाव ठेवलं नव्हतं. तेवढी छाती कोणाची झाली नव्हती. बाईंनी टोपलीचं झाकण नीट लावलं, मोबाइल काढला आणि त्या शांतपणे व्हरांड्यात गेल्या. भोंग्याला तेवढंच बरं वाटलं. एक पेशंट कमी.

इकडे कुत्रा उठायला तयार नव्हता. फेसनं पुढून ओढला, चमच्यानं मागून ढकलला, टाकानं कानात गोड गोड सांगितलं. कुत्र्यानं एक डोळा उघडला, तिघांना ओळखलं आणि पुन्हा मिटला. भोंगा दारात उभी राहून हात चोळत होती. "अरे, उचला ना! चहा संपत आला असेल त्यांचा!" एवढ्यात बाहेरून एक कोवळा आवाज आला, "काकू, हत्ती कुठे आहेत?"

बाहेर एक मुलगा उभा होता. त्याच्या हातात केळं होतं.

"कुठले हत्ती?" भोंग्यानं विचारलं.

"मागच्या खोलीतले."

तिनं मुलाच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. रस्ता ओलांडून शाळेची मुलं येत होती, रांगेत, दोन-दोनची जोडी करून. पुढे मुख्याध्यापिका. त्या स्वतः बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी होत्या, आणि बाईंनी फोनवर सांगितलेलं खोटं असेल असं त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. रांगेच्या मागे इस्त्रीवाला इस्त्री सोडून आला होता. त्याच्यामागे कोणाची आजी, कोणाचा मेहुणा, एक पोस्टमन. आणि फळवाल्यानं प्रसंग ओळखून आपली गाडी फाटकाशी आणून लावली होती. "या, या, हत्तींसाठी केळी! ताजी केळी!"

"बाई, अहो, काय सांगितलंत तुम्ही?" भोंगा व्हरांड्यात धावली.

"जे ऐकलं ते," बाई म्हणाल्या. "मुलांनी पुस्तकात किती दिवस हत्ती बघायचा? आणि तू काळजी करू नकोस, मुली. लांबूनच बघतील."

"पण हत्ती नाहीच आहे इथे!"

"हत्ती नाहीत," बाईंनी दुरुस्ती केली. "अनेकवचन. 'हत्ती आलेत' असं तू स्वच्छ म्हणालीस. एकापेक्षा जास्त आहेत हे मला तिथंच कळलं."

भोंग्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या घशातून आवाज निघाला नाही.

तिनं आत जाऊन तिघांना सांगितलं. तिघांनीही कुत्रा सोडला. मग टाकाच्या ओठाचा कोपरा हलला, फेसच्या खांद्यांना झटका बसला आणि चमचा भिंतीकडे तोंड करून थरथरू लागला. "हसू नका रे!" भोंगा रडकुंडीला येऊन म्हणाली. "त्यांनी हसण्यावरूनच बदली करायचं ठरवलंय!"

"मी जातो," फेस म्हणाला. "माझं शरीर बघून लोक ऐकतात."

तो फाटकाशी गेला, साबणाचे हात वर करून ओरडला, "इथं एकही हत्ती नाही! घरी जा!"

गर्दीनं त्याच्या हाताकडे पाहिलं. "बघा, आंघोळ घालून आलाय!" कोणीतरी म्हणालं. गर्दी चार पावलं पुढे सरकली.

मग टाका गेली. तिनं शास्त्रीय मार्ग धरला. "हे बघा, आमचं दार केवढं आहे ते बघा. यातून हत्ती आत येऊ शकतो का? तुम्हीच सांगा."

सगळ्यांनी दार पाहिलं. मुद्दा बिनतोड होता. गर्दी पांगणार असं वाटत असतानाच बाई म्हणाल्या, "पिल्लं असतील."

"पिल्लं!" मुलांनी एकच जल्लोष केला. उड्या काय, टाळ्या काय! आता तर मोठी माणसंही टाचा उंचावू लागली. फळवाल्याची गाडी निम्मी रिकामी झाली. रस्त्यावर गाड्या अडकल्या, हॉर्न वाजू लागले. वाहतूक पोलीस शिट्टी फुंकत आला, काय झालंय ते कळल्यावर त्यानं शिट्टी खिशात टाकली आणि स्वतःच पहिल्या ओळीत जागा धरली. पाठोपाठ गल्लीबोळातल्या बातम्या देणाऱ्या चॅनेलचा वार्ताहर मोटरसायकल तिथेच टाकून माइक सरसावत आला.

"किती हत्ती आहेत?" त्यानं पोस्टमनला विचारलं.

"पाच तरी असतील," पोस्टमन म्हणाला. "मी आतून आवाज ऐकला." तो आवाज फेसचा होता.

गलका एवढा वाढला की खिडक्यांच्या काचा वाजू लागल्या. मागच्या खोलीपर्यंत तो जाणार हे उघड होतं. ते बघून चमच्याचा धीर सुटला. गर्दीला कसंही करून गप्प करायचं एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. तो व्हरांड्याच्या कठड्यावर चढला, तोंडावर बोट ठेवलं आणि जिवाच्या आकांतानं म्हणाला, "शूऽऽ! हळू बोला! हत्ती झोपलेत!"

अख्खी गल्ली चिडीचूप झाली. मुलांनी श्वास रोखले. पोलिसानं टोपी काढली. वार्ताहर माइकमध्ये अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "दवाखान्यानं अधिकृतपणे दुजोरा दिला आहे."

"चमच्या," टाका दातांमधून म्हणाली, "ह्याला कासव पण म्हणता येणार नाही रे."

आणि त्या शांततेत, चौघांच्या अगदी मागे, कोणीतरी विचारलं, "कोण झोपलंय?"

संचालक उभे होते. हातात रिकामा कप, मिशीला बिस्किटाचा चुरा. केव्हा आले, कसे आले, कोणाला समजलं नव्हतं. वार्ताहर चपळ. त्यानं मिनिटभरही न घालवता माइक त्यांच्यापुढे धरला. "सर, आपल्या दवाखान्यातल्या हत्तींची तब्येत आता कशी आहे?"

"हत्ती?" संचालकांनी चौघांकडे पाहिलं. "आपल्याकडे हत्ती आलाय?"

भोंग्याला वाटलं, आता हे गर्जतील, आता सगळं संपलं. पण संचालकांच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी होत होतं. भुवया वर चढल्या, डोळे लकाकले, गाल लाल झाले. एवढा मोठा माणूस बघता बघता पहिलीतल्या पोरासारखा दिसायला लागला.

"हत्ती आलाय आणि मला मुंग्यांचं औषध सांगता?" ते म्हणाले. "अहो, मी जनावरांचा डॉक्टर झालोच मुळी हत्तीसाठी! सगळी नोकरी गाई-म्हशी, कुत्री-मांजरी आणि बैठका यांच्यात गेली. एकदा, एकदा तरी हत्तीला हात लावावा एवढीच इच्छा होती. कुठंय? कुठे ठेवलाय?"

आणि उत्तराची वाट न बघता ते आत पळाले. चौकडी त्यांच्यामागे पळाली. त्यांनी कोठाराचं दार उघडलं: चाऱ्याची पोती. आंघोळीची खोली: एक ओला, उदास कुत्रा. एक्स-रेची खोली: अंधार. "सर, ऐका ना," भोंगा मागून म्हणत होती, "सर, एक मिनिट!" पण ते ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. शेवटी त्यांनी स्वतःची केबिन उघडली. कोचावरच्या कुत्र्यानं डोकं उचललं. संचालकांनी त्याच्याकडे पाहिलं. "हा नाही," म्हणाले आणि दार लावून घेतलं. ज्या कुत्र्यापायी हे सगळं रामायण झालं होतं, त्याच्यावर त्यांनी एवढाच वेळ खर्च केला.

व्हरांड्यात परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. चेहऱ्यावरचं सगळं तेज उतरलं होतं. "कुठेच नाही," ते म्हणाले, आणि ते इतक्या हिरमुसल्या आवाजात म्हणाले की भोंग्याच्या काळजात कळ उठली. बदलीची भीती तिला होतीच, पण हे त्याहून वाईट होतं.

बाई पुढे आल्या. त्यांना आपला शब्द खोटा पडतोय हे सहन होत नव्हतं. "नाहीत कसे? तुमच्या ह्या मुलीनं फोनवर सांगितलं, मी माझ्या कानांनी ऐकलं. हत्ती आलेत. मागच्या खोलीत बसवलंय. केळी पाठवतेय."

"मागच्या खोलीत?" संचालक म्हणाले. "मागच्या खोलीत तर मी होतो."

"आणि सोंड खाली आहे म्हणाली."

"मागच्या खोलीत मी एकटाच होतो," संचालक पुन्हा म्हणाले, या वेळी जरा सावकाश.

सगळ्यांच्या नजरा भोंग्यावर खिळल्या. वार्ताहराचा माइक तिच्या हनुवटीखाली आला. बाईंनी चष्मा सरळ केला. "बोल, मुली. तू 'हत्ती आलेत' म्हणालीस की नाही?"

पळवाटा होत्या. बाईंना ऐकू कमी येतं असं म्हणता आलं असतं. हत्ती मघाशीच परत पाठवले असं म्हणता आलं असतं; टाका तर मागून तेच सुचवत होती. पण पुढच्या ओळीत मुलं केळी धरून उभी होती आणि शेजारी एक प्रौढ माणूस हत्ती मिळाला नाही म्हणून खिन्न झाला होता. भोंग्याला आणखी एक थाप मारवेना.

"म्हणाले," ती म्हणाली.

"म्हणजे अनेक होते?"

"नाही, बाई. एकच."

"मग 'आलेत' का? 'आलाय' म्हणायला हवं होतं."

भोंग्याला हळूच सांगायचं होतं, पण तिचा आवाज तिचाच होता. तो फाटकापर्यंत, फळवाल्यापर्यंत, समोरच्या शाळेच्या गच्चीपर्यंत पोचला.

"आदरार्थी, बाई."

बाईंचा चेहरा आधी कोरा होता. मग त्यांनी संचालकांकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि "अगंबाई," एवढंच म्हणून टोपलीतल्या मांजराकडे बघू लागल्या. चमच्यानं डोळे मिटून घेतले. फेस अंगानं होता त्याच्या निम्मा दिसू लागला. संचालक हातातल्या कपाकडे बघत उभे होते. कपात काही नव्हतं. मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला, बोटाला लागलेला बिस्किटाचा चुरा पाहिला आणि विचारलं, "ही केळी का?"

"हो, सर," भोंगा म्हणाली. आता लपवायचं तरी काय राहिलं होतं?

"सर," वार्ताहर अधीर झाला होता, "प्रेक्षकांना सांगा, हत्ती नक्की आहेत की नाहीत?"

संचालकांनी गर्दीकडे पाहिलं. मुलं, आज्या, मेहुणे, पोलीस, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी कप कठड्यावर ठेवला, शर्ट खाली ओढला आणि घसा साफ केला.

"एकच आहे," ते म्हणाले. "तब्येत उत्तम आहे. सध्या तुमच्याशीच बोलतोय."

मग शाळेच्या रांगेतून एक खिदळणं फुटलं, ते मागच्या ओळीत गेलं, तिथून इस्त्रीवाल्याकडे, तिथून पोलिसाकडे, आणि बघता बघता अख्खी गल्ली हसायला लागली. हसता हसता माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. तेवढ्या गोंधळात एक चिमुरडी पुढे आली. तिनं संचालकांना मान उंच करून नीट न्याहाळलं, आपली खात्री करून घेतली आणि हातातलं केळं त्यांच्यापुढे धरलं. मग बाकीचीही आली. केळी परत घरी कोण नेणार? थोड्या वेळानं पोलिसानं खिशातून शिट्टी काढली, रस्ता मोकळा केला आणि मुख्याध्यापिकांनी पुन्हा जोड्या लावल्या.

"आत या," संचालक चौघांना म्हणाले.

चौघं केबिनमध्ये जाऊन ओळीनं उभे राहिले. कोच कुत्र्याकडेच होता, म्हणून संचालक टेबलाच्या कडेवर टेकले. केळ्यांचा ढीग त्यांनी शेजारी ठेवला. भोंगा मनात जोड्या लावत होती. आता दोघांची नावं निघणार. ती आणि फेस? की टाका आणि चमचा?

"खरं सांगा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "कानांमुळे का?"

"काय, सर?"

"हत्ती. माझ्या कानांमुळे ठेवलंत का नाव?"

चौघांनी त्यांच्या कानांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ते कोणाच्या लक्षातच आले नव्हते. पण आता ते दिसले, आणि दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

"छे, सर!" टाका घाईघाईनं म्हणाली. "चालण्यामुळे. तुमच्या पावलाचा आवाज होत नाही ना, म्हणून. हत्ती कसा, एवढा डौलदार, पण..."

"डौलदार," संचालकांनी शब्द तोंडात घोळवून पाहिला. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. "मला वाटलं कान. लहानपणापासून मला वाटायचं, लोक कानांवरून काहीतरी म्हणत असणार." त्यांनी एक केळं सोललं आणि उरलेला ढीग चौघांकडे सरकवला. "घ्या. उभे काय राहिलात? आणि फोनवर मघाशी जे जे म्हणालात, त्यात कोण कोण काय काय आहे ते सगळं सांगा मला. सोंड म्हणजे काय?"

मग सांगणं सुरू झालं. चमच्यानं कासवाची गोष्ट सांगितली, फेसनं पोपटाची. कासव कोबीकडे बघतं तिथपर्यंत आल्यावर संचालक इतके हसले की त्यांच्या हातातलं केळं खाली पडलं आणि कुत्र्यानं ते कोचावरूनच उचललं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "तिकडच्या दवाखान्यात किनई," ते म्हणाले, "कोणीच हसत नाही. मी गेलो की सगळे उठून उभे राहतात. चहासुद्धा उभ्यानं देतात."

"मग आमच्यातल्या दोघांना तिकडे...?" भोंग्यानं धीर करून विचारलं.

"वेडी आहेस का?" संचालक म्हणाले. "चौघांचं जमलंय ते तोडून दोन दवाखाने बिघडवू? मीच येत जाईन इकडे जास्त."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. ही सुटका झाली की शिक्षा, ते चटकन ठरवता येईना.

एवढ्यात संचालकांचा मोबाइल वाजला. त्यांनी नाव वाचलं आणि टेबलावरून ताडकन उठून उभे राहिले. "हो... हो, बोल... टीव्हीवर दाखवलं? एवढ्यात? ... नाही, शर्टाला इस्त्री होती गं, गर्दीत चुरगळला... मिशीला? बिस्किटाचा... नाही, दोनच खाल्ली... अगं, डॉक्टरांनी सांगितलंय ते आहे लक्षात... हो... हो. बघायला यायचंय? कशाला येतेस एवढ्या लांब? संध्याकाळी तोच घरी येतोय."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. संचालक नुसतीच मान हलवत होते, आधी उजवीकडे, मग डावीकडे, सांगितलं जाईल तशी. शेवटी त्यांनी हातातलं दुसरं, अर्धं खाल्लेलं केळं निमूटपणे टेबलावर ठेवलं आणि फोन बंद केला.

"कोण होतं, सर?" फेसनं विचारलं.

संचालकांनी चौघांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि भोंग्याला कधीच जमलं नाही अशा अस्सल कुजबुजत्या आवाजात म्हणाले,

"माहूत."